मी जिवंत आहे, आणि पाईचे पैसे बुडवलेले नाहीत

टॉडमॉर्डन, बुधवार, दुपार

प्रिय विल्फ,

मी जिवंत आहे. पत्राच्या सुरुवातीला समोरच्याच्या प्रकृतीची चौकशी करायची रीत आहे, पण या खेपेला आधी माझी कळवणे बरे, कारण तुझ्याकडे तिच्याविषयी चुकीची माहिती पोचलेली आहे. गुडघा सोडला तर सगळे जागच्या जागी आहे. तुझी कंबर कशी आहे? तुझी लेक ग्लेनिस तुला अजून ती हिरवी भाजी उकडून खायला घालते का? तिला माझा नमस्कार सांग. फोनवर ती माझ्याशी फार सभ्यपणे बोलली. ज्याच्यासाठी नुकतीच फुले पाठवली त्याच्याशी बोलणे कुठल्याही मुलीला जडच जाणार.

आता झाले काय ते सांगतो. तू बोलत नाहीस, म्हणून लिहितो. फोनसारखे पत्र मध्येच खाली ठेवून देता येत नाही. (येते म्हणा. पण निदान मला ते ऐकू येत नाही.)

तुला आपली जुनी बँक आठवते ना, बाजाराच्या कोपऱ्यावरची? साखळीने बांधलेले पेन, आणि बोटाला रबरी टोपी घालून नोटा मोजणारी मिस पिकर्सगिल. तू कॉर्नवॉलला गेलास आणि आपण खिम्याच्या पाईचे पैसे एकमेकांना पाठवायला लागलो, तेव्हा ती अख्ख्या रांगेसमोर विचारायची, ‘‘काय मिस्टर एन्टव्हिसल, या शुक्रवारी तुम्ही की ते?’’ रांगेतल्या बायकांना वाटायचे की आपण काहीतरी भानगडीत आहोत. ती शाखा बंद होऊन सहा वर्षे झाली. आता तिथे कॉफी विकतात. काउंटर तोच ठेवलाय, आणि त्याच्यामागे उभा असलेला दाढीवाला एका कपाचे तीन पौंड ऐंशी पेन्स घेतो. मी एकदाच प्यायलो. नकळत खिशात पेन चाचपत होतो.

तर अशा बँकेशी इमान राखून काय करायचे, असा विचार मनात आला त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात जाहिरात आली. खाते आमच्याकडे हलवा, दीडशे पौंड रोख घ्या. विल्फ, आपण सतरा वर्षे एका बसवर काढली, मी पुढे स्टिअरिंगवर आणि तू मागे तिकिटांची पेटी गळ्यात घालून, आणि एवढ्या वर्षांत कंपनीने जादा म्हणून दिले काय, तर नाताळला एक टर्की कोंबडी. तीही दोघांत एक. इथे नुसते उठून दुसरीकडे जाऊन बसायचे दीडशे पौंड देत होते.

अर्थात अटी होत्या. नव्या खात्यातून दरमहा निदान दोन बिले परस्पर गेली पाहिजेत. माझे एकच जाते, विजेचे. बाकी सगळे मी पोस्टात जाऊन रोख भरतो, कारण तेवढाच चालण्याचा व्यायाम. मग दुसरे बिल आणायचे कुठून? शेजारच्या बाईंनी सुचवले आणि मी एक गाढव दत्तक घेतले. हसू नकोस. डेव्हनमध्ये म्हाताऱ्या गाढवांचा एक आश्रम आहे, महिना तीन पौंड. माझ्या गाढवाचे नाव बर्नार्ड. त्याचा फोटो चुलीवरच्या फळीवर ठेवलाय. चेहरा थेट आपल्या डेपोच्या इन्स्पेक्टरसारखा आहे, फक्त डोळ्यांत माया जास्त.

नव्या बँकेत एक चुणचुणीत मुलगी होती. माझ्या जुन्या खात्यातून नेमाने जाणारी प्रत्येक रक्कम तिने वाचून दाखवली आणि ठेवायची की काढायची ते विचारले. वीज ठेवली. मग ती थांबली.

‘‘काका, ही एक आड एक शुक्रवारची एक पौंड वीस पेन्स? पुढे नुसते ‘पाई’ लिहिलेय.’’

‘‘बरोबर आहे,’’ मी म्हणालो. ‘‘बटाटा आणि खिमा भरून भाजलेली. मार्केट हॉलमधल्या मिसेस लम्ब यांच्या गाळ्यावरची.’’

‘‘अच्छा. तो गाळा अजून चालू आहे?’’

आता मला सांग, मी काय उत्तर द्यायचे होते? मी खरे बोललो. म्हणालो, ‘‘छे ग पोरी. बंद होऊन नऊ वर्षे झाली. आता तिथे फोनची कव्हरे मिळतात.’’ आणि मग मी तिला त्या पाईबद्दल सांगत बसलो. वरच्या भोकातून वाफ कशी यायची, रस्सा शर्टावर न सांडता खाणारा डेपोत तू एकटाच कसा होतास, शुक्रवारी पगाराच्या दिवशी एकदा तू आणि एकदा मी असे पैसे कसे द्यायचो. बोलता बोलता माझे डोळे जरा ओले झाले असावेत. तिने कळवळून माझ्या हातावर हात ठेवला, म्हणाली, ‘‘नऊ वर्षे तुम्ही पैसे भरताय काका! मी थांबवते हं,’’ आणि बटण दाबले. मला वाटले, ती माझी बडबड थांबवतेय.

मी तिचे आभारसुद्धा मानले.

पुढचे तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने ऐक. त्या शुक्रवारी पाळी माझी होती. तुझ्याकडे पैसे आले नाहीत. आपले ठरलेलेच होते की पैसे आले नाहीत तर फोन करायचा, आणि तीनदा करून उचलला नाही तर काय ते समजायचे. तू तीनदा केलास. विल्फ, मी बर्नार्डला भेटायला गेलो होतो. दत्तक पालकांसाठी दोन दिवसांची बससहल होती, आणि फोन घरी, चमच्यांच्या खणात. (बसच्या ड्रायव्हरला गिअर नीट टाकता येत नव्हता. मी सबंध वाटभर पाय आवळून बसलो होतो.)

परत आलो तर पायरीवर पुष्पचक्र. पांढरी शेवंती, मध्ये लिली. मला वाटले, बँकेने पाठवले. हल्ली नव्या गिऱ्हाइकांचे फार करतात. मग कार्ड वाचले. ‘क्लिफ, तुझी पाळी होती. विल्फ.’

मी ओव्हरकोट न काढता जिन्यावर बसलो.

उठून लगेच तुला फोन केला, तो ग्लेनिसने घेतला. मी कुठे होतो ते सांगितल्यावर ती म्हणाली, ‘‘क्लिफकाका, बाबा बोलणार नाहीत म्हणतायत. काल दिवसभर जेवले नाहीत, आणि आता कळतंय तुम्ही गाढवाकडे गेला होता. वर अठ्ठावीस पौंडांची फुलं.’’ मागून तुझा आवाज आला, ‘‘अठ्ठावीस पन्नास!’’ तेवढ्याने मला धीर आला. पण पुढच्या शुक्रवारी, तुझ्या पाळीला, काही आले नाही. गेल्या शुक्रवारी मी स्वतःच्या बोटांनी एक पौंड वीस पाठवले. दाढीवाल्याच्या दुकानात बसून, चष्मा लावून, फोनवरून पाठवले. तुझ्याकडून काही नाही. परवा पुन्हा शुक्रवार, पाळी तुझी.

एक पौंड वीसमध्ये आता पाईची कडसुद्धा येत नाही, हे मला कळते. प्रश्न त्याचा नाही. स्टिअरिंगवर असताना मला तू कधीच दिसायचा नाहीस. सतरा वर्षे माझी पाठ तुझ्याकडे होती आणि मध्ये काच. तू मागे आहेस हे मला घंटेवरून कळायचे. दोन टोले आले की सगळे चढले, चल. कधी तू म्हाताऱ्या बाईंची पिशवी उचलून देत असायचास, टोले यायला उशीर व्हायचा, आणि मी पाय क्लचवर ठेवून नुसता ऐकत बसायचो. गेले तीन आठवडे मी तसाच बसलोय.

राग धर. रागावायला तुला हक्क आहे. पण शुक्रवार मोडू नकोस.

तुझा,
क्लिफ एन्टव्हिसल

ता. क. चक्र टाकवेना, म्हणून दारावर टांगले. समोरच्या बाईंना वाटते मी नाताळचे चक्र फार लवकर टांगले.

ता. क. दुसरे. ते दीडशे मला कशाला हवे होते हे लिहायचे राहिले. तुझ्या पेन्झान्सपर्यंतचे आगगाडीचे जाऊन-येऊन तिकीट, म्हाताऱ्यांची सवलत धरून, एकशे बारा पौंड. ते मी काढले आहे. महिन्याच्या वीस तारखेला संध्याकाळी पोचतो. ग्लेनिसच्या बैठकीतल्या कोचावर तीन रात्री झोपायला मिळेल का, हे विचारायला खरे तर हे पत्र लिहायला घेतले होते. जेवायला पाईऐवजी तुमच्याकडच्या त्या घडी घालून भाजलेल्या खिम्याच्या पेस्ट्या खाईन, तक्रार करणार नाही. (एकदा करीन.)

ता. क. तिसरे. शुक्रवार, सकाळी साडेनऊ. पाकीट चिकटवले होते, ते फोडले. आत्ता चमच्यांच्या खणात फोन वाजला. लगेच पुन्हा वाजला. तुझ्याकडून साठ पेन्स जमा, आणि पुन्हा साठ पेन्स. पहिल्यापुढे लिहिलेय ‘टिंग’, दुसऱ्यापुढे ‘टिंग’. आणि पाठवणाऱ्याच्या नावाखाली जी बँक दिसते ती तुझी नेहमीची नव्हे! म्हणजे मी इकडे तीन आठवडे जीव मुठीत धरून बसलो, आणि तू तिकडे खाते हलवत होतास? लेका, तुला किती मिळाले? माझ्यापेक्षा जास्त असतील तर तिकिटाचे अर्धे तू देणार आहेस. गाढवाचे नाव काय ठेवलेस तेही कळव.

बाकी टोले नीट ऐकू आले. गाडी सोडतो.