माझी घरपट्टी कमी न करण्याबाबत

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगरपरिषद कार्यालय (कर विभाग),
जि. रायगड

अर्जदार : नमिता शेडगे, खाडीकडची आळी

विषय : माझी घरपट्टी कमी न करण्याबाबत हरकत.
संदर्भ : नवीन आकारणीची प्रारूप यादी व मला मिळालेली नोटीस.

महोदय,

१. प्रारूप यादीत माझ्या घराची पट्टी ३,१२० रुपयांवरून २,४४० रुपये झाली आहे. आकडा बरोबर आहे. मोजमाप मीच करून दिले होते. तरीही पट्टी पूर्वीइतकीच ठेवावी, अशी माझी हरकत आहे. हरकतीच्या छापील नमुन्यात ‘पट्टी कमी करण्याचे कारण’ एवढाच रकाना असल्याने कोऱ्या कागदावर लिहीत आहे.

२. मी रोह्यातील एका रासायनिक कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. गेल्या वर्षी कार्यालयाने फलकावर लावलेले अंदाजपत्रक मी वाचले. तूट एखाद्या वर्षाची नव्हती. पगार, सफाई, पाण्याच्या पंपांची वीज हे खर्च दरवर्षी वाढणारे, आणि घरपट्टी मात्र जुन्या कौलारू घरांच्या नोंदींवर थांबलेली. मधली जागा अनुदानाने व शिलकीने भरली जात होती आणि शिल्लक संपत आली होती. मालकांनी आपले खरे मोजमाप स्वतः कळवावे, हे आपले आवाहन मला पटले. शेजारच्या फरझाना यांच्या ओट्यावर बसून मी आळीतल्या बायकांना ते समजावले. “गटार बांधून हवं तर घरं खरी सांगायला हवीत. थोडं थोडं सगळ्यांचंच वाढेल,” असे मी म्हणाले. माझ्या शब्दावर सगळ्या तयार झाल्या.

३. त्यानंतर मी टेप घेऊन आळीतील घरे मोजली. दुसरे टोक प्रत्येक घरात फरझाना यांनी धरले. त्यांचे पती फारुख आखातात नोकरीला आहेत. त्यांनी पाठवलेल्या पैशांतून वरचा मजला टप्प्याटप्प्याने उभा राहिला. कार्यालयाच्या नोंदीत तो नव्हता. तो मोजताना फरझाना हसून म्हणाल्या होत्या, “फारुखला फोटो पाठवा ताई. म्हणावं, सरकारनं तुझी माडी बघितली.”

४. माझे घर मी सर्वांत शेवटी मोजले, तेही एकटीने, टेपच्या टोकावर वीट ठेवून. जुन्या नोंदीत परसात एक गोठा होता. तो सासऱ्यांच्या हयातीतच पडला; तेथे आता अळू आहे. गोठा वजा झाला की पट्टी उतरणार, एवढे गणित मला येते. ते त्याच दिवशी माझ्या लक्षात आले होते. पण ओट्यावर जाऊन मी ते सांगितले नाही. बरोबर असलेल्या गोष्टीचे काय सांगायचे, असे मनाशी म्हटले. याची मला लाज वाटते. अर्जात लाजेचा उल्लेख करण्याची पद्धत नाही, हे जाणून आहे.

५. यादी लागली तेव्हा फरझाना यांची पट्टी दुपटीच्या वर गेली होती. इतरांचीही वाढली. सबंध आळीत एकच घर खाली आले. पलीकडच्या सरूआत्या नळावर सर्वांदेखत म्हणाल्या, “काय गो नमिता, तुझी टेप आमच्याच घरात ताणते काय गो? तुझ्या दारात आली का आखडते?” सगळ्या हसल्या. फरझाना हसल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, “फारुखनं तिकडे उन्हात उभं राहून माडी बांधली, ताई. ती तुम्ही माझ्याच हातनं मोजून घेतलीत.” माझ्या शिफ्ट बदलत्या असल्याने घराची एक चावी लग्नापासून त्यांच्याकडे असे. त्या संध्याकाळी त्यांची मुलगी सिदरा ती परत देऊन गेली. आत ये म्हटले तर आली नाही.

६. मी आपले कर लिपिक श्री. जितेश यांना भेटले. त्यांनी सौजन्याने ऐकून घेतले व सांगितले, “मॅडम, तूट हाय ते खरं. पण देणं नाय ते घ्यायला पण नियम लागतो.” फरक देणगी म्हणून भरावा, असे त्यांनी सुचवले. देणगीची पावती मिळेल. परंतु यादीत माझे घर खालीच राहील, आणि आळी यादी वाचते. पेणच्या माझ्या भावाने फोनवर “पट्टी कमी करायला लोक चपला झिजवतात, नि तू वाढवायला चाललीस?” असे मत दिले. ते केवळ माहितीसाठी नमूद करते.

७. सबब माझी पट्टी पूर्वीचीच कायम ठेवावी. ते नियमात बसत नसल्यास परसात गोठा पुन्हा बांधण्याची परवानगी मिळावी. माझ्याकडे गुरे नाहीत व पाळण्याचा विचार नाही; आकारणीसाठी गुरे आवश्यक नसावीत, असे नियम वाचून वाटते. अळू काढावे लागेल. त्यास माझी तयारी आहे.

८. तेही शक्य नसल्यास आपला माणूस पाठवून माझे घर पुन्हा मोजावे. माप तेच येईल, हे मला ठाऊक आहे. तरी टेपचे एक टोक सरूआत्यांनी व दुसरे फरझाना यांनी धरावे, आणि तसे पत्र त्यांना कार्यालयातून जावे. माझ्या बोलावण्यावर त्या येणार नाहीत. फरझाना यांची वाढ रद्द करा, असे मी म्हणत नाही. मजला आहे आणि तूटही आहे. मात्र तो मजला जसा टप्प्याटप्प्याने बांधला गेला, तशी वाढही टप्प्याटप्प्याने लावता येईल का, एवढे पाहावे.

९. मोजणीच्या दिवशी मी मुद्दाम पहिल्या शिफ्टला जाईन. घर बंद असेल. आपल्या माणसाने चावी फरझाना यांच्याकडे मागावी. आज ती त्यांच्याकडे नाही. हा अर्ज आपल्या कार्यालयात देऊन झाला की मी ती घेऊन त्यांच्या ओट्यावर जाणार आहे. आधी गोठ्याचे सांगेन, मग चावी पुढे करेन.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी,

(सही)
नमिता शेडगे
दिनांक : १२ जानेवारी २०२६

सोबत : नोटिशीची प्रत, माझ्या घराच्या मोजमापाचा तक्ता, परसातील अळवाचे छायाचित्र.