बंद ठेवलेल्या सोयीचा वारस

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय बासष्ट, विधुर, अपत्य नाही, व्यवसाय लिनक्स या संगणकप्रणालीसाठी पॅकेजं, म्हणजे बसवायला तयार असे प्रोग्रॅम, बांधण्याचा, हे मृत्युपत्र स्वतः टाइप करत आहे. कुणाची जबरदस्ती नाही, कुणी पढवलेलं नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. बाकी शरीराबद्दल त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी घरी आलो आणि कपबशा विसळल्या. याआधीचं मृत्युपत्र असल्यास ते रद्द समजावं. तसं काही नाही, पण लिहायचं असतं.

कलम एक. राहतं घर, वरच्या खोलीसह, माझ्या धाकट्या बहिणीला मिळावं. तिला पुढे धाकटी म्हटलं आहे. ती जन्मापासून आंधळी आहे आणि या घरात माझ्यापेक्षा सरळ चालते. जिन्याची वाजणारी पायरी दुरुस्त करू नये. कोण आलं ते धाकटीला त्या पायरीवरून कळतं.

कलम दोन. बँकेतली शिल्लक धाकटी आणि तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, यांनी निम्मी निम्मी घ्यावी. भाची दातांच्या दवाखान्यात नोकरी करते आणि मनाने चांगली आहे. कलम पाच वाचताना हे लक्षात ठेवावं. माझ्या बायकोचं कपाट भाचीने उघडावं. मी उघडलेलं नाही. का, ते मलाही माहीत नाही.

कलम तीन. माझा खडखडणारा कीबोर्ड खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंना द्यायचा होता, कारण त्याच्या आवाजाबद्दल सर्वांत जास्त त्याच बोलल्या आहेत. पण त्या साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असं वकीलबाईंचं म्हणणं. तेव्हा तो त्यांच्या डोळ्यांदेखत भंगारात द्यावा.

कलम चार. ज्याच्याबरोबर मी उभा जन्म काम केलं त्या सहकाऱ्याला आम्ही सगळे कात्री म्हणतो. माझं ओकच्या लाकडाचं टेबल त्याला फार आवडतं. ते त्याला मिळू नये म्हणून मी त्यालाही साक्षीदार केलं आहे.

याचं कारण नोंदवून ठेवतो. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून चालवायची जी साधनं लोक वापरतात, त्यांचा मूळ मजकूर, म्हणजे कोड, एकच असतो. तो कंपाइल करताना, म्हणजे त्याचा चालता प्रोग्रॅम बनवताना, एकेका सोयीपुढे चालू की बंद ते सांगावं लागतं. बंद सांगितलं की ती सोय त्या पॅकेजात बांधलीच जात नाही. नंतर वापरणाऱ्याने कितीही डोकं आपटलं तरी ती उगवत नाही. माहितीपुस्तिका मात्र सगळ्यांना एकच जाते, आणि तिच्यात ती सोय ऐटीत लिहिलेली असते.

लांब मजकूर पानापानाने वाचायचं एक लहानसं साधन आहे. तोच मजकूर ब्रेलच्या पट्टीवर ठिपक्यांनी उठवण्याची सोय त्यात आहे. धाकटी पंप आणि शिवणयंत्रांच्या पुस्तिकांची भाषांतरं करते, ती याच सोयीवर. कात्रीने ती बंद केली. तेव्हाचं त्याचं बोलणं असं:

"एका सोयीपायी परक्या कोडच्या दोन लायब्ररी ओढून आणायच्या? उद्या त्यांच्या सुरक्षेत भोकं पडली की निस्तरायचं कुणी? पॅकेज सगळ्यांसाठी असतं, बाबा."

मी ते घरी सांगितलं. धाकटी म्हणाली, "सगळ्यांसाठी म्हणजे मी सोडून."

तेव्हापासून तिचं पॅकेज मी वेगळं बांधतो, सोय चालू ठेवून.

कलम पाच. हे सर्वांत महत्त्वाचं. धाकटीच्या मशीनवर मी त्या पॅकेजला खुंटी मारून ठेवली होती, म्हणजे अपडेट त्याला शिवणार नाही. मागच्या हिवाळ्यात भाचीने प्रेमापोटी आईचं मशीन साफ केलं. "मामा, एकच अडकलेलं दिसत होतं, तेही सोडवलं," असं तिने मला फोनवर सांगितलं, शाबासकी मिळेल या आशेने.

माझ्या पॅकेजाच्या जागी कात्रीचं बसलं. पट्टी सपाट झाली. ही सोय आपल्याला ठाऊक नाही असं ते साधन दर वेळी सांगत होतं, पण पडद्यावर, म्हणजे जिला ते कळायला हवं तिला सोडून कुणालाही दिसेल असं. धाकटीला मधुमेह आहे. बोटांची जाणीव जाऊ शकते असं तिला डॉक्टरांनी बजावलं होतं. मशीन बिघडलं असं तिच्या मनातही आलं नाही. आपली बोटं मेली असं तिने धरलं आणि कुणाला सांगितलं नाही. मी तिच्या खोलीत गेलो तेव्हा ती कोमट पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसली होती.

"दादा," ती म्हणाली, "मला हातात काहीतरी दे आणि काय आहे ते विचार."

मी कोटाचं बटण दिलं. तिने भोकं मोजली, चार. मग ती रडली. चहा निवतोय, असं मी तिला सांगितलं. मशीन तपासून मी जुनं पॅकेज परत घातलं. ती म्हणाली, "तूही त्या कात्रीच्याच हातचा दिसतोस. पुस्तिकेत सगळं लिहिलंय, आत काही बांधलेलंच नाही."

मी गेल्यावर हे पुन्हा होईल. खुंटी कायमची पुरत नाही. बाकीचं मशीन पुढे जातं आणि जुनं पॅकेज त्याच्यावर चालेनासं होतं. दर नव्या आवृत्तीला ते नव्याने बांधावं लागतं. म्हणून ते बांधण्याची जबाबदारी आणि त्यासाठी माझी दोन्ही मशीनं मी भाचीला देत आहे.

सही करण्यापूर्वी हाताने लिहिलेली भर. साक्षीदार आले तेव्हा धाकटीने हा मसुदा स्वतःच्या पट्टीवर वाचायला घेतला. कात्रीने ठिपके उठताना कधी पाहिले नव्हते. तो वाकून बघत राहिला.

"आत्ता काय वाचताय, ताई?"

"तुम्हाला टेबल का द्यायचं नाही, ते."

तिने मोठ्याने वाचून दाखवलं. तो मला म्हणाला, "ही सोय मी बंद केली? मला आठवत नाही रे." तो खोटं बोलत नव्हता. इतकी वर्षं हे भांडण मी एकटाच सांभाळत होतो. मला राग यायला हवा होता. आला नाही.

"दुसरं पॅकेज काढू," तो म्हणाला. "मोठं, सगळ्या सोयींचं, माझ्या पॅकेजाच्या शेजारी. पण ते सांभाळणार कोण? तुझी भाची दात सांभाळते."

"मी," धाकटी म्हणाली.

आम्ही दोघांनी एकदमच तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचा तिला उपयोग नव्हता.

"बांधायच्या कमांडा टाइपच करायच्या असतात ना? मग त्यात डोळे कशाला लागतात? आणि बांधलेलं चालतंय की नाही ते तुम्हा दोघांपैकी कुणाला तपासता येतं का? दादा, माझी सोय तू मला सोडून सगळ्यांच्या नावावर केलीस."

मला हे कधी सुचलं नव्हतं.

कलम पाचच्या शेवटच्या वाक्यातलं भाचीचं नाव खोडलं आहे. तिथे धाकटी असं वाचावं. उद्यापासून ती वरच्या खोलीत माझ्या शेजारी बसेल आणि पहिलं पॅकेज माझा हात न लागता बांधेल. कात्री ते तपासून आपल्या डिजिटल सहीच्या किल्लीने प्रमाणित करेल, असं त्याने शिवणकामवाल्या बाईंसमोर कबूल केलं आहे. टेबल वरच्या खोलीतच राहील. तिला ते लागेल.

खोडाखोड मीच केली असून ती मला मान्य आहे.

ठिकाण: राहतं घर, वरची खोली
दिनांक: ९ मार्च

(सही) मृत्युपत्र करणारा

यांनी आमच्या समोर सही केली आणि आम्ही यांच्या समोर:

१. (सही) खालच्या मजल्यावरची, शिवणकाम
२. (सही) कात्री. टेबलाबद्दल तक्रार नाही.