स्पेसबार बाबांकडे

प्रिय बेडक्या,

तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला आता तीन वर्षं होतील, म्हणून हे कागदावर लिहून त्याचे फोटो तुझ्या बायकोच्या फोनवर पाठवतेय. ती ते तुला कधी दाखवेल हे तुमच्या घरातल्या हवामानावर अवलंबून. अक्षर वाईट आहे, तरी वाच.

बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा कळवलं होतं. ‘काळजी घ्या’ असा तुझा निरोप आला, तोही तिच्याचकडून. घेतेय काळजी. दोन महिने तेच करतेय. डावा हात, डावा पाय गेला, पण त्याहून विचित्र म्हणजे डाव्या बाजूचं जगच त्यांच्यासाठी संपलंय. ताटातलं उजवं अर्धं जेवतात आणि डावं तसंच ठेवून, मी उपाशी मारतेय असं माझ्याकडे बघतात. मग मी ताट फिरवते. डावीकडून कोणी आलं तर त्यांना ते आलेलंच नसतं. बोलणं ‘हं’ आणि ‘अं’ एवढंच उरलंय. आयुष्यभर सिग्नलच्या केबिनीत बसून गाड्यांना थांब आणि जा सांगणाऱ्या माणसाला तेवढं पुरतंही म्हणा.

व्यायाम करून घ्यायला एक बाई येतात. त्या बाबांशी तीन वर्षांच्या मुलाशी बोलावं तसं बोलतात, आणि बाबा त्यांच्याकडे उशिरा आलेल्या मालगाडीकडे बघावं तसं बघतात. बोटं हलती ठेवायला काहीतरी खेळ द्या म्हणाल्या. मला आपला तो ब्राउझरमधला खेळ आठवला. अजून आहे तो. फक्त सुरू व्हायच्या आधी पोट कमी करायच्या दोन जाहिराती बघाव्या लागतात. बाकी सगळं तेच: जड, चौकोनी ठोकळा, ज्याच्या वजनाने जमिनीतली फरशी दबते आणि फाटक उघडतं, आणि हलका बेडूक, जो उड्या मारत फाटकातून पलीकडे जातो. पलीकडचा खटका बेडकाने ओढला की ठोकळ्याची सुटका. दोघं शेवटच्या दारात पोचल्याशिवाय पातळी संपत नाही. ठोकळा मी आणि बेडूक तू, हे कोणी ठरवलं ते विचारू नकोस, पण नंतर ते फारच खरं ठरलं.

खेळ खरं तर एकट्याने खेळायचा. चालायला-उडायला बाणांच्या कळा किंवा डावीकडची अक्षरं, काहीही चालतं, आणि स्पेसबार दाबला की एक पात्र जागच्या जागी थांबतं, दुसऱ्याच्या डोक्यावर खूण येते आणि ते हलायला लागतं. आपण मात्र एकाच कीबोर्डवर तिघं बसायचो. डावीकडे तू अक्षरांवर, उजवीकडे मी बाणांवर, आणि मधे बाबा, स्पेसबारवर. ज्याच्या डोक्यावर खूण, त्यानेच हलायचं. दुसऱ्याच्या कळांना हात लावायचा नाही. एकदा मी तुझी उडी मारली तर बाबांनी संगणकच बंद केला होता. आईने स्वयंपाकघरातून विचारलं होतं, ‘काय हो, अपघात झाला का?’

तर मी खेळ लावून दिला. बाबांनी उजव्या हाताने स्पेसबार दाबला आणि बसून राहिले. मी बाण दाखवले, अक्षरं दाखवली. परत स्पेसबार, परत गप्प. बाईंनी वहीत लिहिलं, ‘रुग्ण एकच कळ दाबतो. सूचना समजत नाहीत.’ मीही आठवडाभर तसंच समजले. मग एका दुपारी सहज माझे बाण हातात घेतले. बाबांनी ठोकळ्यावर खूण आणली. मी त्याला फरशीवर नेऊन उभं केलं. फाटक उघडलं. त्यांनी स्पेसबार दाबला, खूण बेडकावर गेली, आणि ते थांबले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. सूचना समजत नव्हत्या त्या मला.

आता कबुली. मी खुर्ची त्यांच्या डावीकडे नेली, जिथे त्यांना कोणी दिसत नाही, आणि तुझी उडी मारली. कीबोर्डचा तो आवाज ऐकून बाबांचा अर्धा चेहरा हसला. तीन आठवडे रोज चार वाजता तू आलास, बेडक्या. मी इकडून तिकडे खुर्च्या बदलत एकटीच दोन भावंडं झाले. बाबा नीट जेवायला लागले. मला वाटलं, काय बिघडलं? तुला कटकट नाही, त्यांना समाधान.

काल पातळी संपल्यावर त्यांचा उजवा हात कीबोर्डवरून चाचपडत डावीकडे आला. माझा हात सापडला. मधल्या बोटाचं टोक ते चाचपत राहिले. तुझं ते पेर दारात चेंगरून तुटलं तेव्हा दार त्यांनीच ओढलं होतं, आठवतं ना? माझं बोट अख्खं. त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलं. मग माझा हात उचलून, जराही न रागावता, बाणांवर नेऊन ठेवला. माझ्या जागी. आणि स्पेसबार दाबला.

रात्री जेवले नाहीत. सकाळीही नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, आता फार तर आठवडाभर, आणि ते सांगताना माझ्याकडे न बघता फाइलकडे बघत होते.

आई गेली तेव्हा तू दोन दिवस उशिरा पोचलास आणि बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, ‘पाहुण्यांना पाणी द्या.’ ते वाक्य मला तुझ्याइतकंच लागलं होतं. त्याच संध्याकाळी जिन्यात तू म्हणालास, ‘त्यांनी स्वतः बोलावलं तरच या घरात पाय ठेवीन.’ मी सहा वर्षं ती अट कोणाला सांगितली नाही. ते बोलावणार नाहीत अशी खात्री होती. आणि ते महिनाभर बोलावत होते तेव्हा तुझ्या जागी मीच हजर राहून तुला कळू दिलं नाही. राग माझ्यावर धर, तो टिकेल. पण आत्ता चार वाजलेत, बाबा कीबोर्डसमोर बसलेत, ठोकळा फरशीवर उभा आहे, आणि तुझ्या कळांना मी हात लावणार नाही. खूण तुझ्यावर आहे.

तुझीच,
ठोकळा