खडूवरचा ओरखडा

॥ श्री ॥

मैलापूर, मद्रास
२२ सप्टेंबर १९६१

चि. शहाजीराव यांस मानाजीचे अनेक आशीर्वाद विशेष.

इकडे सर्व ठीक आहे, म्हणजे तुमच्या सासूबाईंचा गुडघा सोडून. तुमची लॉरी गिंडीला रामस्वामी मेस्त्रीच्या शेडमध्ये पोचली. मी रोज सकाळी बसने जातो आणि मेस्त्रीने दिलेल्या लाकडी खोक्यावर बसून असतो. तुम्ही सेलमला, लॉरी इथे, मग घरच्या कोणीतरी डोळ्यांसमोर ठेवायला नको का?

जुने पेट्रोल इंजिन काढले. ते जमिनीवर टेकले तेव्हा मला उगीच वाईट वाटले. मोडीत निघालेल्या बसचे डिझेल इंजिन मेस्त्रीने आणून ठेवले आहे. ते फार जड आहे. पुढच्या स्प्रिंगा ते पेलतील का, असे मी विचारले. तो म्हणाला, एक पाते वाढवू. ब्रेक पेलतील का, असे विचारल्यावर तो नुसता हसला. हसण्यासारखे मी काय विचारले, ते कळवा.

आता मुख्य गोष्ट. नव्या इंजिनाचे तोंड आणि तुमच्या जुन्या गिअरबॉक्सचे तोंड जुळत नाही. बोल्टांची भोके एका ठिकाणी येत नाहीत. मेस्त्री दोन रस्ते सांगतो. एक म्हणजे त्या बसचाच गिअरबॉक्स घ्यायचा. तो या इंजिनाचा जन्माचा जोडीदार आहे. पण तो लांब आहे, म्हणून चासीचा आडवा पट्टा कापावा लागेल, मागे जाणारा शाफ्ट आखूड करावा लागेल, आणि त्यात महिना जाईल. दुसरा म्हणजे जुनाच गिअरबॉक्स ठेवायचा आणि दोघांच्या मध्ये पोलादी प्लेट बसवायची. ते लवकर होईल. पण गिअरबॉक्सचा शाफ्ट इंजिनाच्या अगदी मध्यावर यायला हवा, केसभरही इकडेतिकडे नाही.

मला यातले कळत नाही. शाळा चौथीत सुटली, आणि बस कंपनीच्या शेडमध्ये जन्मभर गाड्यांच्या वेळा मांडल्या, गाडीच्या पोटात डोके घातले नाही. तुम्ही सांगाल तसे मेस्त्रीला सांगतो. जावयाच्या कामात मी आपले मत घालणार नाही.

भवानीने डोक्यावरून ओझे उचलू नये. सेलमचे पाणी उकळून प्यावे. लॉरीचा जुना हॉर्न शेडमध्ये कोणी पळवू नये म्हणून मी तो घरी आणून ठेवला आहे. पत्र पोचल्याचे दोन शब्द आले की मला झोप लागेल.

तुमचा,
मानाजी


॥ श्री ॥

सेलम
२७ सप्टेंबर १९६१

तीर्थस्वरूप मामांस शहाजीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचले. आता झोपा.

मामा, तुमचे अंतर्देशीय पत्र वाचायला मला दोन वेळा दिवा लावावा लागतो. चिकटवायच्या घडीवरसुद्धा तुम्ही लिहिता, आणि डिंकाखाली गेलेली काळजी कोणती होती ते शोधण्यात भवानीची संध्याकाळ जाते. हॉर्न घरी नेलात हे वाचून ती इतकी हसली की शेजारीण डोकावून गेली. आता रात्री उशाशी घेऊन झोपू नका, सासूबाई दचकतील.

गिअरबॉक्स जुनाच ठेवा. प्लेट बसवून द्या. नोव्हेंबरपासून एर्काडच्या मळ्यांत कॉफीची तोड सुरू होते. तेव्हा लॉरी दारात नसेल तर मळ्याचा माल दुसऱ्याच्या गाडीत जाईल, आणि एकदा गेलेला मळा परत मिळत नाही. ही गाडी पेट्रोल पिऊन मला बुडवणार होती, म्हणून तर डिझेलचा खटाटोप. या गिअरबॉक्सला माझा हात सरावलेला आहे, अंधारातही दुसरा आणि तिसरा न चुकता पडतो.

एक मागणे आहे. खंडेनवमीच्या आत लॉरी उभी होईल असे पाहा. तिची पूजा तुमच्या हातून व्हावी.

भवानीला पाचवा लागला आहे. तिला कैरी खावीशी वाटते आणि हा कैरीचा मोसम नाही. लोभ आहेच, त्यात कमी पडू देऊ नये.

आपला,
शहाजी


॥ श्री ॥

मैलापूर, मद्रास
२० ऑक्टोबर १९६१

चि. शहाजीराव व चि. सौ. भवानी यांस मानाजीचे दसऱ्याचे अनेक आशीर्वाद.

खंडेनवमीला तुमच्या लॉरीची पूजा झाली. झेंडूची माळ पुढे बांधली, चाकांखाली लिंबे ठेवली, भोपळा फोडला. भोपळ्याच्या फोडी मी स्वतः रस्त्यावरून गोळा करून कडेला टाकल्या, कारण त्यावरून सायकलवाला घसरून पडला तर पूजेचे पुण्य कुठे राहिले?

वेळेत व्हावे म्हणून मी मेस्त्रीच्या फार मागे लागलो. आदल्या संध्याकाळी प्लेट बसली. ती लेथवर सुब्बाने कापली. सुब्बा म्हणजे मेस्त्रीचा टर्नर. बोलायला फार गोड आहे, पण पानाची पिंक कुठेही टाकतो. मेस्त्री म्हणाला, मापाच्या सुया-पट्ट्या आता पूजेसाठी देवापुढे गेल्या, त्या विजयादशमीपर्यंत उचलायच्या नाहीत. तेव्हा सुब्बाने साधी परीक्षा केली. गिअरबॉक्स ज्या भोकात बसतो त्याच्या कडेला खडू फासला, इंजिनाच्या चाकाला तार बांधली आणि चाक हाताने फिरवले. तारेने सगळीकडे सारखा ओरखडा उठायला हवा. मी वाकून पाहिले, ओरखडा खालच्या अर्ध्या भागातच होता. वरचा खडू तसाच. मी विचारले. सुब्बा मला ताता, म्हणजे आजोबा, म्हणतो. म्हणाला, खडू जाड लागला असेल, ताता, पूजेनंतर बघू. आज मेस्त्री भाच्याच्या लग्नासाठी गावी गेला आहे आणि सुब्बाने बोल्ट आवळून वरून रंगही दिला.

रंग मला गडद वाटतो, दुपारच्या उन्हात तापेल. रेडिएटरची जाळी बारीक आहे, तिच्यात किडे अडकतील. डिझेलचा धूर काळा येतो, भवानीने लॉरी सुरू करताना जवळ उभे राहू नये. मागच्या दिव्याची काच सैल आहे. न्यायला याल तेव्हा रात्रीचे निघू नका, विल्लुपुरमच्या पुढे रस्त्यावर बैलगाड्या बिनदिव्याच्या असतात. बरोबर ताक घ्या. इंजिन सुरू झाल्यावर माझ्या पायाखालची जमीन थरथरते, ती थरथरायला हवी का, हे विचारून घ्या. सासूबाईंनी कैरीचे लोणचे बांधून ठेवले आहे. बरणीचे झाकण वरच्या बाजूला राहील असे पाहा.

डिंकापर्यंत आलो, थांबतो. मला मनातून उतरू देऊ नका.

तुमचा,
मानाजी


॥ श्री ॥

सेलम
२४ नोव्हेंबर १९६१

तीर्थरूप बाबांस भवानीचा शि. सा. न. वि. वि.

लॉरी आणून महिना होत आला आणि मी आता लिहिते, रागावू नका. हे पहाटे एर्काडला जातात, दुपारी पोती भरून घाट उतरतात, पुन्हा रात्री डिझेल भरायला जातात. तुमचे दसऱ्याचे पत्र मी यांना मोठ्याने वाचून दाखवले. बैलगाड्या आणि ताकापर्यंत हे हसत होते, मग झोप लागली. जमीन थरथरते त्याबद्दल यांनी कळवायला सांगितले आहे की गिंडीची जमीन मऊ आहे.

नवी गाडी चढावर हत्तीसारखी ओढते म्हणतात. मळ्याचे रायटर, म्हणजे तिथले कारकून, खूश आहेत. मीही एकदा पायथ्यापर्यंत जाऊन आले, बाबा, तुमची शपथ, हळूच नेले. यांनी गिअरच्या दांड्याला जुन्या ट्यूबची रबरी पट्टी अडकवली आहे, सीटच्या खालच्या पट्टीपर्यंत ताणून. उतार लागला की ती अडकवतात. मी विचारले तर म्हणाले, दांडा थरथरतो, शोभा जाते. तरीही डाव्या हाताने धरूनच असतात. तळव्याला फोड येऊन फुटला आहे. मी लोणी लावते तर म्हणतात, लोण्याने हात निसटेल.

लोणचे संपले. बरणी परत पाठवते आहे. आईच्या गुडघ्याचे कळवा. मला रोज आठवण येते, तुम्हीही काढत जा.

आपली,
भवानी


मैलापूर, मद्रास
२७ नोव्हेंबर १९६१

चि. शहाजीराव यांस आशीर्वाद.

भरलेली लॉरी घाटातून खाली आणू नका. गिअर आपोआप निसटतो तेव्हाच ड्रायव्हर दांडा बांधतात. आमच्या शेडमध्ये मी अशा पट्ट्या पाहिल्या आहेत, आणि ते ड्रायव्हरही. मेस्त्रीला विचारले. तो म्हणाला, शाफ्ट मध्यावर नाही.

जावयाला हुकूम करण्याची आपल्याकडे रीत नाही. हा हुकूम आहे.

मानाजी


॥ श्री ॥

सेलम
२ डिसेंबर १९६१

तीर्थस्वरूप मामांस शहाजीचा साष्टांग नमस्कार.

परवा सकाळी मी वर मळ्यावर होतो. पोती चढवून झाली होती, दोर आवळायचे राहिले होते. तेवढ्यात सेलमची बस आली आणि कंडक्टरने तुमचे पत्र हातात दिले. भवानीने ते घरी उघडले, आणि एवढा कोरा कागद पाहून तशीच बसस्टँडवर धावली होती. कंडक्टरने विचारले, घरात काही झाले का?

खरे सांगतो, मामा, पहिल्या दोन ओळी वाचून मी हसलो. म्हातारा नेहमीचाच, असे म्हणालो. मग पुढचे बघायला कागद उलटला. मागे काही नव्हते. घडीवरही नव्हते. माझ्या ब्रेकबद्दल नाही, भवानीच्या पाण्याबद्दल नाही, गुडघासुद्धा नाही. 

मी पोती उतरवा म्हणालो. रायटर फार बोलला. सासऱ्याला विचारून लॉरी चालवतोस तर बांगड्या भर, असेही म्हणाला, हमाल हसले. माझ्या डोळ्यांसमोर माल दुसऱ्या लॉरीत चढला. हा मळा गेला, मामा.

मी रिकामी गाडी घेऊन उतरलो. दुसरा टाकला, पट्टी अडकवली, हात वर ठेवला. अर्धा घाट उतरल्यावर एका वळणाच्या तोंडाशी पट्टी तुटली आणि दांडा माझा हात झटकून मोकळा झाला. इंजिनाचा आवाज एकदम हलका झाला. तो हलका आवाज मी विसरणार नाही. गाडी सुटली. मी पायाने आणि हाताने दोन्ही ब्रेक धरले. पुढचे चाक कठड्याच्या दगडाला लागून थांबले. रिकामी होती म्हणून थांबली. भरलेली असती तर हे पत्र भवानीने लिहिले असते.

गिअर पहिल्या आठवड्यापासून निसटत होता. तुम्हाला कळवले असते तर तुम्ही जागे राहिला असता, आणि मला हंगाम गाठायचा होता. खडूचे तुम्ही लिहिले होते. भवानीने काल ते पत्र पुन्हा काढले. ते रंग आणि पानाच्या पिंकेच्या मध्ये होते. मी तेव्हा जागा होतो की नाही, आठवत नाही.

लॉरी तशीच हळूहळू खाली आणून पायथ्याशी उभी केली आहे. आता काय करायचे ते तुम्ही सांगा. मी ऐकेन. आपला आशीर्वाद होता तसाच असू द्या.

शहाजी


॥ श्री ॥

मैलापूर, मद्रास
५ डिसेंबर १९६१

चि. शहाजीराव यांस मानाजीचे अनेक अनेक आशीर्वाद.

पत्र मी उभ्यानेच वाचले. मग सासूबाईंना वाचून दाखवले, पण कठड्याचे गाळले. त्यांनी ते ओळखले. दोघेही कपालीश्वराला जाऊन आलो. त्या तशा दुखऱ्या गुडघ्यानेही चालत आल्या.

पूजेच्या आत काम व्हावे म्हणून मेस्त्रीच्या मागे मीच लागलो होतो. त्याने घाई केली नसती तर सुया-पट्ट्या देवापुढे जायच्या आधी माप झाले असते. हे मला यापुढे रोज आठवणार आहे, तुम्ही त्यावर काही लिहू नका.

रामस्वामी मेस्त्रीने तुमचे पत्र ऐकून डोक्याचे मुंडासे काढले आणि तो खोक्यावर माझ्या शेजारी येऊन बसला.  ठरले ते असे. प्लेट नको. बसचा तो गिअरबॉक्स अजून मिळतो आहे, तोच या इंजिनाला लावायचा. पट्टा कापू, शाफ्ट आखूड करू, महिना लागू दे. खडू फासून सगळीकडे सारखा ओरखडा येईपर्यंत मी खोक्यावरून उठणार नाही. पुढचा मळा पुढच्या वर्षी बघू. मळे डोंगरावरच राहतात, कुठे जात नाहीत.

लॉरी स्वतः चालवत आणू नका. दुसऱ्या लॉरीमागे साखळीने बांधून आणा, दोर नको, दोर तुटतो. सपाट रस्त्यानेच या, लांब पडला तरी. साखळीला लाल फडके बांधा. हाताच्या फोडाला लोणी नको, खोबरेल लावा. भवानी बसस्टँडवर धावली, या दिवसांत धावायचे असते का? तिला माझ्या वतीने रागवा, पण हळू. रायटरला उलट उत्तर देऊ नका, त्याचा मळा आहे. त्या कंडक्टरचे नाव काय, ते कळवा. त्याला घरी बोलावून पाटावर बसवून जेवू घाला. त्याने पत्र खिशात विसरले असते तर, हे मनातून जात नाही. लोणच्याची दुसरी बरणी भरली आहे. झाकणाला फडके बांधले आहे. हॉर्न अजून माझ्याकडेच आहे, तेल देऊन ठेवला आहे.

जागा संपत आली. तुमच्या दोघांवर जीव आहे, तो तुम्हीही एकमेकांवर ठेवा. कागद उलटून पाहा, मागेही लिहिले आहे.

तुमचा,
मानाजी

चाकामागे दगड लावला असेलच. तरी एकदा जाऊन पाहून या.