पत्ता कुणाला देऊ नये

५ जानेवारी १९५८, मोशी
उद्या मुंबई, तिथून बोट. पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यानं मला नि गावातल्याच यशवंतरावाला सहा महिने ट्रेनिंगला जर्मनीत धाडलंय. निश्चय : परदेशातला पत्ता कुणालाही द्यायचा नाही. इकडचे घड्याळं मागतात, तिकडचे फसवतात.
हॅम्बुर्गचा पत्ता फक्त हिच्याकडे. देवाची शपथ घातली, कुणाला दाखवायचा नाही. म्हणाली, व्हय, न्हाई दावनार. हिला लिहितावाचता येत नाही, म्हणजे पत्ता दुप्पट सुरक्षित! सहावा महिना चाललाय. मागचं मूल हाती लागलं नाही. काही झालं की लगेच पत्र धाड, असं बजावलंय.

१५ जानेवारी, बोट
यशवंतराव भोळा सांब. बोटीवरच्या आचाऱ्यालासुद्धा आपला ब्रेमेनचा पत्ता दिला. माझ्या वहीतही लिहिला. माझा मागितला. म्हणालो, अजून नक्की नाही.

१० मार्च, हॅम्बुर्ग
हिचं पत्र नाही. मी चार धाडली. गावाकडं मीरासाहेबाच्या किराणा दुकानात सगळ्यांची पत्रं मोठ्यानं वाचतात, म्हणून एकावरही पत्ता घातला नाही. हुशारी लागते.

४ एप्रिल
पत्र नाही. रुसली असेल.

१६ एप्रिल, सकाळी ६
दिवस भरले असणार. रुसायला काय झालं हिला? काल तार करायला गेलो, फॉर्मवर पाठवणाऱ्याचा पत्ता मागतात. परत आलो. देवा, दोघांना सांभाळ.

२ मे
पोस्टात भांडलो. तक्रार नोंदवायला माझं नाव-पत्ता विचारला. दिला नाही.

१४ मे
पत्र नाही. काहीतरी वाईट झालंय. कळवायचं जिवावर येत असेल त्यांच्या. रडलो.

२५ मे, रविवार
राहवेना. वहीतला पत्ता काढून ब्रेमेन गाठलं. यशवंतरावाची भिंत पत्रांनी भरलीय. त्यानं भावाचं, २८ एप्रिलचं पुढं केलं. म्हणाला, अहो ज्योतीराम, तुम्हाला धाडणार कुठं?
वाचलं. ज्योतीराम भेटला तर सांगा, १७ तारखेला मुलगी झाली. दोघी बऱ्या हायती. बारसं केलं, नाव कुसुम. मीरासाहेब तीनदा कागद-दौत घेऊन गेले, पण वहिनी पत्ता दावत न्हाईत. मालकांनी शपथ घातलीया म्हणत्यात. रोज तो कागद उघडून बघत्यात नि परत पेटीत ठेवत्यात.
सव्वा महिना झाला मला बाप होऊन. पत्ता मात्र अजून कुणाला कळलेला नाही.