ललितशिवाय कोणी हरवलेलं नाही

३ नोव्हेंबर, सोमवार
ललित रिटायर झाला. सकाळी क्लबच्या ग्रुपवर मेसेज आला. अकरा वर्षं सलग स्नूकर चॅम्पियन, आता म्हणे द्राक्षबागेकडे लक्ष देणार. सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले. मी नुसता अंगठा. आपण प्रोफेशनल आहोत, स्पर्धेच्या फॉर्मवर तशी टिक केलेली आहे. भावनेच्या आहारी जाऊन चालत नाही.

तोच दिवस, दुपारी
शांतपणे विचार केला. अकराही वर्षं मी पहिल्याच फेरीत ललितकडून हरलो. दर वेळी जोड्या लावणाऱ्या ड्रॉने घात केला. म्हणजे ललितशिवाय मला आजवर एकाही माणसाने हरवलेलं नाही. आता ललित नाही. उरलं कोण?

५ नोव्हेंबर, बुधवार
संकल्प: पाचला उठणे. गोड बंद. रोज चार तास टेबल. बक्षीस समारंभाचं भाषण पाठ करणे.
आठला उठलो. भाषण पाठ झालं.

८ नोव्हेंबर, शनिवार
प्रॅक्टिसला जोडीदार मिळत नाही. क्लबवाला महेश म्हणाला, तुम्ही खेळता कमी आणि शिकवता जास्त, म्हणून पोरं तुम्हाला बघून जिना उतरतात. त्याला खेळातलं काय कळतं. एकटाच दोन्ही बाजूंनी खेळलो. ४–१ ने जिंकलो. एक फ्रेम समोरच्याने नशिबाने नेली.

९ नोव्हेंबर, रविवार
रविवार फार लांबतो. भाग्यश्रीला मालेगावला जाऊन चार वर्षं झाली. भावाच्या कापडदुकानात मदत हवी म्हणून गेली आहे, असं बायकोबद्दल विचारणाऱ्यांना मी सांगतो. निघताना म्हणाली होती, ज्या दिवशी ललित सोडून दुसऱ्या कोणाकडून हराल त्या दिवशी तरी हे वेड सुटेल, तेव्हा कळवा, मी परत येईन. बिचारी. तशी वेळ येणारच नाही. मी चॅम्पियन झालो की पेपरात फोटो बघून आपणहून येईल. तोवर कळवायचं नाही, सरप्राइज.
घर अगदी शांत आहे. एकाग्रतेला चांगलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
ड्रॉ लागला. पहिली फेरी, सात फ्रेमची मॅच, आधी चार घेईल तो जिंकला: निकिता, वय एकोणीस, गाव सायखेडा. वाईट वाटलं तिच्यासाठी. एक फ्रेम सोडायचं ठरवलं. खेड्यातून येऊन खेळते, पोरीचं मन राखायला हवं.

१५ नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळ
चार फ्रेम सोडल्या. ०–४.
द्वारका चौकात रिक्षा पाऊण तास अडकली. हॉलमध्ये एसी थेट मानेवर. क्यूच्या टोकाला लावायचा खडूही दमट. दीड तासाच्या मॅचमध्ये मी सव्वा तास खुर्चीत बसून होतो. जो माणूस खेळलाच नाही तो हरला कसा, हे कोणीतरी मला समजावून सांगावं.

१६ नोव्हेंबर, रविवार
मार्ग सापडला. निकिता चॅम्पियन झाली तर मी यंदाही चॅम्पियनकडूनच हरलो असं होतं. रेकॉर्ड जवळपास शाबूत. भाग्यश्रीला कळवायचं कारण नाही.
दुसऱ्या फेरीला पहिल्या रांगेत बसलो. इतक्या टाळ्या वाजवल्या की रेफ्रीने बोट दाखवलं. पोरगी जिंकली. तिची आई कुसाबाई म्हणाली, दादा, तुमी हरून बी टाळ्या वाजवत्या, असं मन लय कमी लोकाचं ऱ्हातं. मग फडकं सोडून भाकरी-ठेचा पुढे केला. किती दिवसांनी कोणाच्या शेजारी बसून जेवलो. टाळ्यांचं खरं कारण तिला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
क्वार्टर फायनल. निकिता हरली, १–४. शेवटच्या फ्रेममध्ये तिने मारलेला काळा चेंडू पॉकेटच्या तोंडाशी जाऊन थांबला. ती रडली नाही. मी रडलो. कुसाबाईला वाटलं तिच्या पोरीसाठीच. तिने मला पाणी दिलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार, सकाळ
आता लपवण्यात अर्थ नाही. मला ललितशिवाय दुसऱ्याने हरवलं आणि निकिता चॅम्पियनही नाही. पण वाईटातून चांगलं निघतं ते असं: अट पूर्ण झाली, भाग्यश्री परत येणार. क्यू माळ्यावर टाकला. तिच्या कपाटातलं माझं सामान काढलं. चहा-पावडर नवी आणली, तिला कडक लागतो.
मला एकटं राहवत नाही. चार वर्षं राहवलं नाही. इथे लिहायला हरकत नाही, वाचणार कोण.

दुपारी
फोन केला. म्हणालो, हरलो, ललित सोडून दुसऱ्याकडून. ती म्हणाली, कोण ललित?
सांगितलं. स्नूकर, ती अट, सगळं. असं काही बोलल्याचं तिला आठवत नाही म्हणाली. मग विचारलं, तुम्ही अजून खेळता?
मी हो म्हणालो. तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं आणि तिने फोन ठेवला.