तेवीस पावलांची उडी

माय, तू गेलीस तेव्हा जेवढी होतीस, त्याहून मी आता किती तरी म्हातारी झाले आहे. आणि तरी आज दुपारी डोळा लागला तेव्हा मी पंधरा वर्षांचीच होते. आर्वीच्या जिनिंगचं आवार. हिवाळ्यातलं ऊन. हवेत रुईचे तंतू इतके हळू तरंगतायत की ते खाली येतायत की वर जातायत, कळत नाही. तू बायांसोबत बसून कापसातला पिवळा, किडका कापूस वेगळा काढते आहेस आणि तुझ्या भुवया पांढऱ्या झाल्या आहेत. मी तुझी भाकर घेऊन आले आहे. समोर कापसाची गंजी आहे, आपल्या घराहून उंच. मी फडकं खाली ठेवते, धावत सुटते आणि उडी मारते. पाय जमिनीवरून सुटल्यापासून कापसात रुतेपर्यंत किती वेळ गेला असेल? पण तेवढ्यात मला तू दिसलीस, टिनाचं छप्पर दिसलं, छपरावर बसलेला होला दिसला.

मुकादम ओरडला. तू उठलीस आणि सगळ्यांदेखत माझ्या कानशिलात लगावलीस. "मातीचे पाय घेऊन कापसात जातं? माह्यं काम घालवतं काय वं?" मी रडले नाही, याचाच तुला जास्त राग आला. पण संध्याकाळी काम सुटल्यावर तू मला त्याच जागी घेऊन गेलीस. जिथून मी उडाले तिथे धुळीत माझ्या पायाचा ठसा होता. त्याला टाच लावून तू उभी राहिलीस आणि अंगठ्याला टाच जोडत जोडत, हळू, गंजीपर्यंत चालत गेलीस. "अठरा," म्हणालीस. मग विचारलंस, "आखीन मारशीन एवढी?"

वस्तीच्या मागे खड्डा तूच खणलास. नाल्यातली वाळू घमेल्याने, डोक्यावरून, कामावर जायच्या आधी. शेजारची काकू म्हणायची, "पोरीचं लगन पाहाचं सोडून वाळू काऊन वाहून राह्यली वं?" तू घमेलं खाली न ठेवता म्हणालीस, "तिले उडता येते म्हणून." एवढंच. जणू मला चुलीवर भाकर टाकता येते म्हणून सांगते आहेस.

नागपूरला जाऊन आपण दीक्षा घेऊन आलो, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. शाळेतल्या ड्रिलच्या बाईंनी मला फळीवरून उडायला शिकवलं. फळीच्या पुढे बोटभर पाय गेला तरी उडी बाद, हे सांगितलं. जिल्ह्यात पहिली आले, मग नागपूरला. मग बाई आपल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. दिल्लीला देशाच्या संघासाठी चाचणी आहे, लांब उडीला दोनच मुली घेणार. त्या फुटा-इंचांत बोलत होत्या. तू म्हणालीस, "पावलात सांगा." बाईंनी तुझ्या पायाला फूटपट्टी लावली, मनाशी हिशेब केला आणि म्हणाल्या, "तेवीस लागतील."

मी बाविसावर अडकले होते. दिवसचे दिवस. एकदा चिडून वाळूत बसकण मारली आणि म्हटलं, मी नाही जात दिल्लीला. तू अंगावरची रुई झटकत होतीस. "तू पडाच्या जाग्याकडं पाह्यतं," म्हणालीस. "पडाचं तं हायेच. वर पाह्य."

कामाच्या हंगामात तुला सुट्टी कोण देणार होतं? वर्ध्याच्या स्टेशनपर्यंत तू आलीस. गाडी हलली तेव्हा तू हात केला नाहीस, नुसती माझ्या पायांकडे बघत होतीस.

दिल्लीत मैदानावर धुकं होतं. बाईंचा स्वेटर माझ्या गुडघ्यापर्यंत यायचा. पहिली उडी बाद, दुसरीही बाद. तिसरीला मी धावले तेव्हा वाळूचा खड्डा धुक्यात दिसतच नव्हता. वर मात्र एक घार होती, अगदी सावकाश फिरणारी. तिच्याकडे बघत मी फळी सोडली. आणि ते पुन्हा झालं, माय, सगळं थांबल्यासारखं झालं, घार, धुकं, मी. नावं वाचली तेव्हा दुसरं माझं होतं. बाई रडत होत्या. लोक पांगल्यावर मी बूट काढले आणि फळीपासून माझ्या उडीच्या खुणेपर्यंत टाच जोडत चालले. तेवीस, आणि वर चार बोटं. तुझं माझं पाऊल सारखंच होतं.

परदेशात मी शेवटून दुसरी आले. तू त्याबद्दल काही विचारलं नाहीस. विचारलंस ते हे: "तिथली वाळू कशी हाय?" मी म्हटलं, बारीक, धुतलेली. "धुतलेली?" आणि तू तोंडाला पदर लावून इतकी हसलीस की तुला ठसका लागला.

आता राहिलेलं सांगते. परदेशातून परतून वर्ध्याला उतरले तेव्हा एका पेपरचा बातमीदार आला होता. माझ्या अंगात देशाचा कोट, गळ्यात हार. त्याने विचारलं, उडी कुणी शिकवली? मी बाईंचं नाव सांगितलं. आई काय करते? मी म्हटलं, घरीच असते. का म्हटलं, ते तेव्हाही मला माहीत होतं. पेपर आला तेव्हा तू चुलीपुढे बसून म्हणालीस, वाच. मी वाचलं: "हिला उडी हिच्या आईने शिकवली. आई जिनिंगमध्ये कामाला आहे. वाळू तिने डोक्यावरून आणली." तू फुंकणी खाली ठेवलीस. "असं लिवलं?" मी हो म्हटलं. "परत वाच." मी परत वाचलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. तू तो कागद घडी करून पत्र्याच्या डब्यात ठेवलास आणि कधी कुणाकडून वाचून घेतला नाहीस.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. तुला वाचता येत नव्हतं. वाचून दाखवायला मीच लागले असते. डब्यातल्या त्या कागदावर तू कुठेच नव्हतीस, माय. मी त्या बातमीदाराला सांगितलंच नव्हतं.